शिक्क्यापासून पाटीपर्यंत

गावातल्या छोट्या उद्योगाचं नाव किती ठिकाणी छापलं जातं, याची यादी करायला बसलं की ती लवकर संपत नाही. रबरी शिक्का, बिलबुक, व्हिजिटिंग कार्ड, पाकिटावरचं लेबल, दिवाळीचं हँडबिल, नव्या वर्षाचं कॅलेंडर, टेम्पोची पाठ, दुकानावरची पाटी आणि आता व्हॉट्सॲपवरचं इवलंसं गोल चित्र. शिक्का जेमतेम ३ सेंटिमीटरचा, तर पाटी १२ फुटांची. म्हणजे तेच नाव आणि तीच खूण शंभरपटीहून अधिक लहानमोठी होते. कधी ती चकचकीत कागदावर चार रंगांत उमटते, तर कधी बिलबुकाच्या पातळ कागदावर एकाच निळ्या शाईत. आणि प्रत्येक ठिकाणी ती गिऱ्हाइकाला ओळखू यावी लागते.

मोठ्या कंपन्या हे काम जाहिरात संस्थांकडे सोपवतात. तालुक्याच्या गावातला दुकानदार, डॉक्टर, बचतगट किंवा लोणची-मसाले करणारं कुटुंब यांच्यासाठी मात्र ते बहुधा एकटा माणूस करतो : फ्रीलान्स ग्राफिक डिझायनर. हा माणूस नक्की काय करतो, याबद्दल समाजात फारशी कल्पना नाही. 'कॉम्प्युटरवर चित्र काढून देतो' इतकीच समजूत असते. प्रत्यक्षात या कामाचा कस पडद्यावर लागतच नाही. छापलेली वस्तू शेवटी जिथे पाहिली जाणार, त्या जागेपासून जो मागे मागे येत विचार करतो, त्याचंच डिझाइन टिकतं. हे कसं, ते एका उदाहरणातून पाहू. समजा, कऱ्हाडमधल्या एका कुटुंबानं घरगुती कांदा-लसूण मसाला विकायला काढलाय आणि त्यांना 'लोगो आणि पाकीट' करून हवंय.

आधी प्रश्न, मग चित्र

चांगला डिझायनर पहिल्या भेटीत कागदावर रेघ ओढत नाही, तो प्रश्न विचारतो. मसाला विकला कुठे जाणार? किराणा दुकानात दोरीला लटकणाऱ्या पाकिटांमध्ये, प्रदर्शनातल्या टेबलावर, की पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांत घरपोच? दुकानातलं पाकीट चार-पाच फुटांवरून ओळखू यायला हवं. घरपोच जाणारं पाकीट थेट हातात पडतं, त्यामुळे त्यावर कृती आणि वापर बारीक अक्षरांत सांगता येतो. सध्याची गिऱ्हाइकं कोण आहेत आणि ती या मसाल्याला काय म्हणतात? शेजारीपाजारी वर्षानुवर्षं 'काकूंचा मसाला' म्हणत असतील, तर ओळख आधीच तयार आहे. तिला बाजूला सारून एखादं भारदस्त नाव शोधण्यात शहाणपण नाही.

त्यानंतर खुणेचा विचार. इथे एक साधी परीक्षा फार उपयोगी पडते. लोगो फक्त काळ्या रंगात, २ सेंटिमीटर रुंदीत छापून पाहायचा. रंग एकमेकांत विरघळत जाणाऱ्या छटा, मागची सावली, केसासारख्या बारीक रेषा हे सगळं पडद्यावर देखणं दिसतं, पण रबरी शिक्क्यावर त्याचा डाग होतो. एका रंगात आणि लहान आकारात जो तग धरतो, तो चार रंगांत आणि मोठ्या पाटीवर उभा राहतोच. उलटं मात्र होत नाही. म्हणून रंग शेवटी भरायचे. आकार आधी पक्का करायचा.

मराठी नावाला मराठी अक्षर

स्थानिक कामात पुष्कळदा नाव हाच लोगो असतो, त्यामुळे अक्षराला सगळ्यांत जास्त वेळ द्यावा लागतो. महाराष्ट्राला या बाबतीत मोठा वारसा आहे. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ साली छापखाना काढला. जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्याचे देवनागरी खिळे त्यांच्या सुबकपणासाठी वाखाणले गेले. विसाव्या शतकात कमल शेडगे यांनी मराठी नाटकांची नावं अशी रेखाटली की वर्तमानपत्रातल्या जाहिरातीत अक्षराच्या वळणावरूनच नाटकाची प्रकृती कळावी. सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी घडवलेला 'मंगल' फॉन्ट विंडोज संगणकांतून घरोघरी पोचला. आज मुंबईच्या 'एक टाइप'सारख्या संस्थेचे 'मुक्त' आणि 'बलू' हे फॉन्ट कुणालाही, अगदी व्यवसायासाठीही, मोफत वापरता येतात. त्यामुळे चोरीचे फॉन्ट वापरण्याला आता कसलंही निमित्त उरलेलं नाही.

देवनागरीची घडण रोमन लिपीपेक्षा वेगळी आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. खाली उकार आणि ऋकार. मधे मूळ अक्षर. या तीन पट्ट्यांमुळे एकाच मापात टाइप केलेली मराठी ओळ इंग्रजी ओळीपेक्षा लहान दिसते आणि दोन ओळींत अंतरही जास्त लागतं. लेबलवर दोन्ही भाषा शेजारी असतील, तर मराठीचं माप मुद्दाम वाढवावं लागतं. नाहीतर आपलीच भाषा आपल्याच पाकिटावर अंग चोरून बसल्यासारखी दिसते.

आता आपलं उदाहरण घ्या. 'कऱ्हाड' या शब्दात अर्ध्या र चं मराठमोळं रूप आहे. मराठीचा विचार न करता केलेल्या फॉन्टमध्ये ते तुटतं किंवा त्याचा भलताच रफार होतो. 'लसूण' मधल्या ल ची दोन रूपं प्रचारात आहेत. मराठी डोळ्यांना पाकळीचा ल सवयीचा आणि हिंदी छपाईत उभ्या दंडाचा ल दिसतो. 'शेंगदाणा' मधला देठाचा श हाही तसाच. महाराष्ट्र शासनानं २००९ साली प्रमाण वर्णमाला ठरवली, तेव्हा पाकळीचा ल आणि देठाचा श हीच रूपं मराठीसाठी स्वीकारली. कित्येक चांगल्या फॉन्टांत दोन्ही रूपं दडलेली असतात, पण मराठीचं रूप निवडून द्यावं लागतं. गिऱ्हाईक ते बोलून दाखवणार नाही. मात्र दंडाचा ल असलेलं पाकीट त्याला नकळत परगावचं वाटतं, आणि कऱ्हाडच्या मसाल्याला तसं वाटणं परवडत नाही.

तांत्रिक अडचणीही याच टप्प्यावर निस्तराव्या लागतात. ॲडोबच्या इलस्ट्रेटर आणि इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' सुरू केला नाही, तर पहिली वेलांटी अक्षराच्या पुढच्या बाजूला जाऊन बसू शकते आणि जोडाक्षरं सुटी पडतात. युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत केलेला मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की रोमन अक्षरांचा गिचमिडकाला दिसतो. म्हणून प्रेसला फाइल देताना सगळा मजकूर 'कर्व्ह' करतात, म्हणजे अक्षरांचं रूपांतर आकृत्यांत करतात. मग प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट असो वा नसो, अक्षर हलत नाही. पण कर्व्ह केलेल्या मजकुरात नंतर चूक दुरुस्त करता येत नाही, त्यामुळे मूळ फाइल वेगळी जपून ठेवावीच लागते.

प्रकाशाचा रंग आणि शाईचा रंग

'मोबाइलवर पाहिला तेव्हा रंग किती छान होता, छापल्यावर असा कसा झाला?' ही तक्रार प्रत्येक प्रेसनं ऐकलेली असते. कारण सोपं आहे. पडदा स्वतः प्रकाश फेकतो. त्यावरचे रंग लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशाच्या बेरजेतून बनतात. कागद प्रकाश फेकत नाही. त्यावरची शाई पडलेल्या प्रकाशातला काही भाग शोषते आणि उरलेला परत पाठवते. चार रंगांच्या छपाईत सायन, मॅजेंटा, पिवळी आणि काळी या शायांचे सूक्ष्म ठिपके शेजारी शेजारी पडतात आणि आपला डोळा त्यांचा एक रंग करतो. पडद्यावरचा झगझगीत पोपटी, विजेसारखा निळा किंवा पेटता केशरी या शायांच्या आवाक्यात नसतो. निळा छपाईत जांभळ्याकडे झुकतो आणि पोपटी मळकट होतो.

मसाल्याच्या पाकिटासाठी लाल रंग ठरतोय हे इथे पथ्यावर पडतं. मॅजेंटा आणि पिवळा पूर्ण ताकदीनं दिले की मिरचीसारखा तिखट लाल मिळतो. मात्र तोच लाल आर्ट पेपरवर झळकतो, बाँड पेपरवर बसका दिसतो आणि खाकी क्राफ्ट कागदावर तपकिरी होतो. कागद शाई किती पितो आणि त्याचा स्वतःचा रंग काय, यावर ते ठरतं. म्हणून रंग मोबाइलवर मंजूर करून घेऊ नये. ज्या कागदावर छापायचं, त्याच कागदावरचा नमुना गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि तोही ट्यूबलाइटच्या उजेडात नको, दिवसाच्या उजेडात.

बारीक मजकुरासाठी एक नियम पक्का पाळावा. काळी अक्षरं फक्त काळ्या शाईतच छापावीत. चारही शाया मिसळून काळा केला आणि चार प्लेटांपैकी एक केसभर जरी सरकली, तरी अक्षरांना रंगीत कडा येतात. फोटोंचंही गणित ठरलेलं आहे. छापील इंचाला ३०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेतीन इंची कार्डावर कडेपासून कडेपर्यंत फोटो हवा असेल, तर तो किमान १,०५० पिक्सेल रुंद पाहिजे. नेहमीच्या पद्धतीनं व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो दाबून लहान केला जातो, त्यामुळे गिऱ्हाइकाला तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगावं.

कागदाचं गणित

ऑफसेट छपाईत शाई प्लेटवरून थेट कागदावर जात नाही. आधी ती रबराच्या आवरणावर उमटते आणि तिथून कागदावर. तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत, या एका गोष्टीवर हे तंत्र उभं आहे : प्लेटचा कोरा भाग पाणी धरतो, अक्षरांचा भाग तेलकट शाई धरतो. प्रत्येक रंगाला वेगळी प्लेट लागते आणि मशीन जुळवण्यात वेळ आणि कागद खर्च होतो. हा खर्च प्रती ५०० काढा की ५,०००, साधारण तेवढाच असतो. म्हणून ऑफसेटमध्ये प्रती वाढल्या की दर प्रतीचा खर्च झपाट्यानं उतरतो. शे-दोनशे लेबलं हवी असतील, तर प्लेटशिवाय होणारी डिजिटल छपाईच परवडते.

खरी बचत मात्र कागदाच्या मापात असते. २५ बाय ३६ इंचाच्या शीटचे ९ बाय साडेबारा इंचाचे बरोबर ८ तुकडे पडतात आणि ए-फोर आकाराचं पत्रक त्यात कापायला जागा ठेवून व्यवस्थित बसतं. पण 'जरा वेगळं दिसावं' म्हणून लागणारा तुकडा सव्वानऊ बाय १२ इंचाचा झाला, तर त्याच शीटमधून ८ ऐवजी ६ निघतात. पाव इंचाच्या हौसेपायी दर पत्रकाचा कागद एक तृतीयांशानं महागतो. ज्याला शीटची मापं पाठ आहेत, तो डिझायनर गिऱ्हाइकाचे पैसे पहिली रेघ ओढण्याआधीच वाचवतो.

कडेपर्यंत रंग हवा असेल, तर तो कापण्याच्या रेषेबाहेर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर वाढवून द्यायचा, कारण एकावर एक रचलेली शेकडो शीटं कापताना सुरी किंचित सरकते. महत्त्वाचा मजकूर त्याच कारणासाठी कडेपासून आत ठेवायचा. जाड कागदाची घडी त्याच्या तंतूंच्या दिशेनं आणि आधी क्रीझ मारून घालायची, नाहीतर घडीवर शाई तडकून पांढरी रेघ उघडी पडते.

पाकिटाची गोष्ट आणखी वेगळी. छापील प्लॅस्टिक पाऊच बहुधा ग्रॅव्ह्युअर पद्धतीनं होतात. त्यात प्रत्येक रंगाचा धातूचा सिलिंडर कोरावा लागतो आणि छापील रोल वजनावर घ्यावे लागतात. नव्या उद्योगाला ते झेपत नाही. म्हणून सुरुवातीला साधं कोरं पाऊच आणि त्यावर नीट छापलेलं स्टिकर, हाच योग्य सल्ला. मजकूर बदलला, किंमत वाढली, तर फक्त स्टिकर बदलतं.

पाकिटावरचा कायदा

खाद्यपदार्थाच्या लेबलचा मोठा भाग कायद्यानं ठरवलेला असतो. पदार्थाचं नाव, घटक पदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानं, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता, बॅच क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि वापराची मुदत, सर्व करांसह कमाल किंमत, तक्रारीसाठी संपर्क, एफएसएसएआयचं चिन्ह आणि १४ अंकी क्रमांक, आणि शाकाहाराचा हिरव्या चौकटीतला हिरवा ठिपका. या ठिपक्याचा आकारही पाकिटाच्या दर्शनी भागाच्या क्षेत्रफळावरून ठरतो. पॅकबंद वस्तूंबाबतचे २०११ चे वजनमापविषयक नियम आणि अन्नसुरक्षेचे नियम डिझायनरनं स्वतः वाचावेत, कारण त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. ही सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत असावी लागते. मराठी त्याच्या जोडीला देता येते, पण एकटी मराठी चालत नाही. म्हणजे पाकीट दोन भाषांचं होणार हे पहिल्या दिवसापासून धरून चालावं लागतं. समोरची बाजू मराठी नावाला पूर्ण मोकळी देऊन मागची बाजू कोष्टकांना देणं, ही मांडणी त्यातूनच सुचते.

बारकोडलाही शिस्त आहे. किराणा मालावरच्या १३ अंकी बारकोडचं प्रमाण माप सुमारे ३७ बाय २६ मिलिमीटर असतं आणि ते ८० टक्क्यांखाली नेऊ नये. दोन्ही बाजूंना कोरी जागा सोडावी लागते. लाल पाकिटावर शोभावा म्हणून कुणी बारकोडच्या रेषा लाल करायला सांगतात. तो मोह टाळलाच पाहिजे. बरेच स्कॅनर लाल प्रकाशानं वाचतात आणि लाल प्रकाशात लाल रेषा पांढऱ्या कागदापासून वेगळी दिसतच नाही. पांढऱ्यावर काळा बारकोड नेहमी चालतो.

पाटी

दुकानाच्या पाटीबाबत महाराष्ट्रात स्पष्ट कायदा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली. मराठी अक्षरं आधी असावीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसावीत, अशी अट आहे. सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या अंमलबजावणीसाठी व्यापाऱ्यांना दोन महिने दिले होते. ही अट पाळायची म्हणून इंग्रजी पाटीच्या डोक्यावर मराठीची पट्टी चिकटवलेली जागोजागी दिसते. त्यापेक्षा मराठी नावच मुळापासून रेखाटलं, तर कायदाही पाळला जातो आणि दुकानालाही रूप येतं.

पाटीचं माप रस्ता ठरवतो. ताशी ४० किलोमीटरनं जाणारी दुचाकी तीन सेकंदांत सुमारे ३३ मीटर जाते. तेवढ्या वेळात नाव वाचून गाडी थांबवायची, तर ते ३० मीटरवरून, म्हणजे १०० फुटांवरून दिसलं पाहिजे. दर दहा फुटांना एक इंच हा कामचलाऊ नियम धरला, तर अक्षर १० इंच उंच हवं. देवनागरीत ही उंची शिरोरेषेपासून अक्षराच्या पायापर्यंत मोजायची, वरच्या मात्रा आणि खालचे उकार धरून नाही. मग आपोआप कळतं की पाटीवर नाव आणि धंदा एवढंच मावतं. मालकाचा फोटो, तीन मोबाइल क्रमांक आणि वस्तूंची यादी यांनी पाटी भरली की १०० फुटांवरून काहीच वाचता येत नाही.

पैसे, प्रूफ आणि हक्क

'डिझाइनचे वेगळे पैसे कशाला? प्रेसवाले तर फुकट करून देतात,' हा प्रश्न अजून विचारला जातो. प्रेस ते काम छपाईच्या दरातच धरते आणि तयार साच्यातून काढते, म्हणूनच एका बाजारपेठेतल्या पाच दुकानांची कार्डं सारखी दिसतात. डिझायनरनं आपलं मानधन आणि छपाईचा खर्च वेगवेगळा लिहून द्यावा. काय काय मिळेल, किती वेळा बदल करून मिळतील, आगाऊ किती, उरलेले कधी, हे साध्या मराठीत एका पानावर लिहावं. छपाई आपण करून देणार असू आणि त्यात आपलं काही उरणार असेल, तर तेही उघड सांगावं. गावात माणूस माणसाला ओळखतो, आणि काम तोंडी शिफारशीवरच मिळतं.

छपाईआधी प्रूफवर गिऱ्हाइकाची सही घ्यावी. वाचताना फोन क्रमांक एकेक आकडा बोलून तपासावा, पत्ता उलट्या क्रमानं वाचावा. ५,००० लेबलं छापून झाल्यावर सापडलेल्या चुकीचा खर्च कुणाला तरी सोसावाच लागतो.

लोगोच्या मालकीबद्दल दोन्ही बाजूंना सहसा माहिती नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार, नोकरीत नसलेल्या डिझायनरनं काढलेल्या लोगोचा पहिला मालक वेगळा करार नसेल, तर डिझायनरच असतो, पैसे मिळाले तरीही. हक्क गिऱ्हाइकाकडे जायला सहीनिशी लेखी हस्तांतर लागतं. त्यात मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिला नाही, तर तो भारतापुरताच. म्हणून पूर्ण पैसे मिळताच कायमचं हस्तांतर लिहून द्यावं. उद्या मसाल्याच्या नावाची ट्रेडमार्क नोंदणी करायची झाली, तर तो कागद लागतो. ही नोंदणी १० वर्षांची असते आणि पुन्हा पुन्हा वाढवता येते.

हिशेब पुरा करताना कुटुंबाच्या हाती एक फोल्डर द्यावा : लोगो रंगीत, एकरंगी आणि उलट्या रंगात, वेक्टर आणि चित्र अशा दोन्ही प्रकारांत; छपाईच्या रंगांची टक्केवारी; वापरलेल्या फॉन्टांची नावं; पाकिटाच्या लेबलची मूळ फाइल आणि हक्काचा कागद. दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाकडून टेम्पोवर नाव रंगवून घेतलं, तरी लाल तोच आणि ल पाकळीचाच राहावा, यासाठी हे सगळं.

या क्षेत्रात येणाऱ्या तरुणांनी सॉफ्टवेअर शिकावंच, पण त्याच्या बरोबरीनं एखाद्या प्रेसमध्ये जाऊन प्लेट चढताना, शीट कापताना आणि पाऊच सील होताना पाहावं. आणि उद्योजकांनी डिझायनर निवडताना त्याच्या मोबाइलमधली चित्रं पाहण्याऐवजी त्यानं छापून घेतलेल्या वस्तू मागाव्यात, त्या हातात घेऊन उन्हात धराव्यात. आपल्या बाजारपेठांतल्या पाट्या, पाकिटं आणि बिलं मिळूनच आपल्या भाषेचं रोजचं रूप घडतं. पुस्तकं वाचणाऱ्यांहून कितीतरी जास्त लोक देवनागरी तिथेच वाचतात. ते रूप नेटकं ठेवण्याची ताकद गावोगावच्या या एकट्या डिझायनरांकडे आहे, आणि त्यांच्या कामाला योग्य दाम आणि पुरेसा वेळ देणं गिऱ्हाइकांच्या हातात आहे.